इंजिन एका दिवसात तापत नाही

(संघटनेच्या प्रशिक्षण वर्गात शेड, रनिंग आणि ट्रॅक मशीन विभागातील कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय कामाचा आहे, मागण्यांचा नाही, असे वर्गाच्या पत्रकात छापले आहे. पण रेल्वेत काम आणि मागणी वेगळी काढता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. इंजिन तापून गाडी उभी राहिली की आधी ड्रायव्हर तपासला जातो, पाणी नंतर. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच बोलू.

काही तरुण मित्र म्हणतील, ब्रॉडगेजवर आता जवळजवळ सगळीकडे तारा आल्या, डिझेलचे काय घेऊन बसलात? तार तुटली तर ती जोडायला टॉवर वॅगन जाते ती डिझेलवरच. टॅम्पिंग मशीन, बॅलास्ट क्लीनिंग मशीन, यार्डातले शंटिंग, अपघाताची मदत गाडी, इथे डिझेल अजून आहे. उलट अडचण अशी झाली आहे की जुने फिटर निवृत्त झाले, शेडमध्ये विजेची इंजिने आली, आणि डिझेलचे ज्ञान ज्यांच्या हातात होते ते हात घरी बसले. मशीन राहिले, माहिती गेली.

आमची पिढी डब्ल्यूडीएम-२ वर वाढली. १९६२ साली ही इंजिने अमेरिकेहून आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कामाला लागतो. बाकीची धुरातून आणि पाणी-तेलातून बाहेर काढावी लागते. त्यासाठी त्या इंजिनाच्या पोटात सुमारे १२०० लिटर पाणी सतत फिरत असे. ६०-६५ अंशांच्या आसपास रेडिएटरचा पंखा सुरू होऊन वेग घेई, आणि पाणी ८५ ते ९० च्या दरम्यान गेले की घंटा वाजून लाल दिवा लागे. म्हणजे पंखा फिरू लागल्यापासून घंटा वाजेपर्यंत वीस-पंचवीस अंशांचे अंतर आहे. सगळे दुखणे या अंतरात कळते, पण तिकडे बघायला कोणी हवे.

सर्वात साधे कारण धूळ. बॅलास्ट क्लीनिंग मशीनवरच्या मित्रांना हे सांगायला नको. दिवसभर खडीची भुकटी उडते, तीच हवा पंखा ओढतो, आणि त्यात तेलाचा एक थर बसला की रेडिएटरच्या जाळीवर चिखल तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत हवा जात नाही. हवा मारायची ती आतून बाहेर, म्हणजे हवा ज्या बाजूने आत येते तिच्या उलट. बाहेरून आत मारली तर कचरा आणखी खोल बसतो. तेलकट असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुवावे. प्रेशर फार जवळून मारू नये, जाळीचे पत्रे वाकतात आणि मग ती जागा कायमची बंद होते. हे काम ब्लॉक संपल्यावर, अंधारात, दमलेल्या माणसाकडून करून घेतात, आणि त्याला वेळ कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो. ही मागणी झाली. लिहून घ्या.

दुसरे कारण पाणी. विहिरीचे किंवा नळाचे जड पाणी घातले की सिलिंडरभोवती क्षार बसतो. घरच्या पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो, तोच हा. थर पातळ असला तरी उष्णता अडवतो. म्हणून शेडमध्ये क्षार काढलेले पाणी आणि त्यात गंजरोधक औषध. पूर्वी यात क्रोमेट असे, पिवळट रंगाचे. ते कर्करोगाला कारण होते हे आज सर्वांना माहीत आहे, पण आमचे जुने फिटर ते पाणी उघड्या हातांनी हाताळत. आजच्या औषधासाठीही हातमोजे मागून घ्या, लाजू नका.

वाटेत पाणी कमी पडले आणि साधे पाणी घालणे भाग पडले तर घालावे, पण लॉग बुकात लिहावे: किती लिटर, कुठे. हा आकडा फार मोलाचा आहे. पाणी हवेत नाहीसे होत नाही. ते होज पाइपातून गळते, पंपाच्या सीलमधून गळते, किंवा आत जाते. आत गेले तर वंगण तेल दुधाळ होते. पाण्याच्या काचेत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडर हेडला तडा असून जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे, असा संशय घ्यावा. वरचे रेडिएटर कितीही धुतले तरी असे इंजिन तापणारच.

एका शेडमधली गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. एका इंजिनाला तीन फेऱ्यांत तीनदा पाणी घालावे लागले. तिन्ही ड्रायव्हरांनी लिटर लिहून बुकिंग केले. तिन्ही वेळा शेडचा शेरा एकच, ‘तपासले, ठीक आहे’. चौथ्या फेरीला गाडी चढावर उभी राहिली आणि चार्जशीट मिळाले ते चौथ्या ड्रायव्हरला, इंजिन तापू दिले म्हणून. आम्ही मागच्या नोंदींच्या नकला काढून चौकशीत टेबलावर ठेवल्या आणि हेडची प्रेशर टेस्ट मागितली. दोन हेडना तडे निघाले. चार्जशीट मागे घेतले गेले. शेडच्या फिटरवरही आम्ही बोट ठेवले नाही. त्या पाळीत आठ जणांच्या जागी तिघे होते, आणि इंजिन वेळेत बाहेर काढा हा दट्ट्या वरून होता. ते तीन शेरे कोणाच्या दबावाने लिहिले गेले, हा प्रश्न आम्ही लेखी विचारला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

चढ आणि बोगदे असले की प्रकरण आणखी अवघड. गोव्याच्या हद्दीवर कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट, चढ १ : ३७. मुरगाव बंदराचा कोळसा घेऊन वर येणाऱ्या गाड्यांना पुढे-मागे डिझेल इंजिने लावत. बोगद्यात पुढचे इंजिन जी गरम हवा सोडते तीच मागचे इंजिन आत ओढते, मग त्याचा रेडिएटर कशाने थंड होणार? नंतर आलेल्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये पाणी फार तापले की संगणक स्वतःच ताकद कमी करतो. इंजिन वाचते, गाडी मात्र रखडते, आणि रखडल्याचा जाब ड्रायव्हरला द्यावा लागतो.

आता घंटा वाजली तर काय? गाडी ब्रेकवर नीट धरा. लोड काढा. इंजिन बंद करू नका. बंद केले की पंप आणि पंखा थांबतो, आणि हेडमध्ये साठलेली उष्णता तिथलेच पाणी उकळवते. टर्बोच्या बेअरिंगचे तेलही थांबते. डब्ल्यूडीएम-२ वर आम्ही जनरेटर फील्डचा स्विच बंद ठेवून नॉच वाढवत असू, म्हणजे लोड नाही पण पाणी आणि हवा जोरात. पाणी अगदी कमी झाल्याने सुरक्षा स्विचने इंजिन आपणहून बंद पडले, तर तो स्विच बांधून इंजिन चालवू नका, मग कंट्रोलर काहीही म्हणो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जातो.

आणि झाकण. ट्रॅक मशीनवर काय किंवा टपालातल्या मेल मोटर सेवेच्या गाडीवर काय, दाबाखालच्या रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही. दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वरही न उकळता राहते, आणि झाकण फिरवताच एकदम उसळून तोंडावर येते. ‘जरा बघतो’ म्हणून उघडणारे आम्ही दवाखान्यात पाहिले आहेत. अर्धा तास थांबा. उशीर कोणाच्या नावावर लागतो ते संघटना बघून घेईल.

जेवणानंतर मागच्या शेडमध्ये एक जुना रेडिएटर आणि तडा गेलेला हेड मांडून ठेवला आहे, तिथे जमावे. ज्यांच्याजवळ आपल्या मशीनचे लॉग बुक किंवा त्याची नक्कल असेल, त्यांनी ती बरोबर आणावी. गेल्या तीन महिन्यांत पाणी किती लिटर घातले, एवढेच आपण आधी मोजणार आहोत.