औषध स्वस्त, पाणी महाग
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मी बँकेतला कारकून, वाणिज्य शाखेचा पदवीधर. आंतरराष्ट्रीय अर्थकारणावर बोलण्याची माझी पात्रता एवढीच की, जमा आणि नावे या दोन बाजू मी रोज पाहतो. आज आपल्या हैदराबादच्या औषध उद्योगाचे खाते उघडू या.

आधी जमेची बाजू. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध करण्यास आपले कारखानदार मोकळे झाले. आयडीपीएल या सरकारी कंपनीत काम केलेल्या अंजी रेड्डींनी १९८४ साली डॉ. रेड्डीज काढली. पुढे १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर ट्रिप्स करार आला आणि २००५ पासून औषधावरच पेटंट देणे भाग पडले. त्याआधी, फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तिहेरी औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या आसपास होता. त्याच नोव्हेंबरात दोहा येथे सदस्य देशांनी मान्य केले की, पेटंट लोकांच्या आरोग्याच्या आड येऊ नये. सरकारे आणि रुग्णांच्या संघटना लढत होत्याच. पण एका कारखानदाराने आकडा पुढे ठेवल्यावर मागणीला वजन आले.

आता नावेची बाजू. काचीगुड्याहून तीस-पस्तीस किलोमीटरवर पटनचेरू. तिथल्या नक्कावागू ओढ्याकाठची शेती आणि विहिरी नासल्या. १९९० पासून गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचे पाणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासले. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘शुद्ध’ पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून जास्त! अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात, आणि ते जंतू वेशीवर थांबत नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये केंद्राने सांडपाण्यातील अँटिबायोटिकवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. उद्योगाने आक्षेप घेतले. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शन दिले, पण ते बंधनकारक नाही.

उद्योग म्हणेल, खर्च वाढेल, चीनचा माल येईल. यात तथ्य आहे. म्हणूनच पाणी स्वच्छ ठेवण्याचा खर्च खरेदीदार देशांनी भावात धरावा, ही मागणी आपल्याच कारखानदारांनी जगापुढे मांडावी. दोह्याच्या वेळी जो आवाज लागला, तो इथेही लागू द्या.

आपले वाडवडील निजामाच्या काळी नोकरीसाठी इथे आले, इथलेच झाले. आज आपली मुले याच कंपन्यांत आहेत, आपल्यापैकी काहींकडे त्यांचे शेअर्सही आहेत. मीही सुटत नाही. कर्जाच्या फाइलमध्ये प्रदूषण मंडळाचा कागद आहे ना, एवढेच आम्ही पाहतो. ओढा कोणी पाहत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी : मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला या मर्यादेविषयी विचारावे; भागधारकांनी वार्षिक सभेत तोच प्रश्न करावा. नावेची बाजू कोरी ठेवून ताळेबंद जुळत नसतो.