भीड आणि हिशेब
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील आपला समाज गेल्या काही पिढ्यांत शेतीच्या सालावरून नोकरीच्या महिन्यावर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले. पुढे इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगामुळे वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि त्यानंतर बारामतीची औद्योगिक वसाहत वाढली. नोकरी कशी मिळवावी यावर अशा मेळाव्यांतून पुष्कळ बोलले जाते. ती सोडावी कशी, यावर मात्र कोणी बोलत नाही. आज त्याविषयीच चार शब्द सांगावे असे आम्हांस वाटते.

आपल्या वडिलांच्या काळी सालगड्याचे साल बहुधा पाडव्याला संपे. त्या दिवशी हिशेब होई आणि गड्यास दुसरा मळा धरता येई. पण अंगावर उचल राहिली की पाडवा येऊनही गडी सुटत नसे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला आणि कर्जापायी माणूस बांधून ठेवणे गुन्हा ठरले. तरीही मालकाच्या मनातील ती जुनी समजूत पुरती गेलेली नाही. राजीनामा हाती पडताच पुष्कळ मालकांस तो आपला अपमान वाटतो. मग नोटिशीचा महिना हा शिक्षेचा महिना होतो. काल ज्याच्यावाचून पान हलत नव्हते त्याचेच काम आज निकृष्ट ठरते, रजा नाकारली जाते, शेवटचा पगार अडतो आणि अनुभवाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. घराचा हप्ता आणि मुलांची फी ज्या पगारावर अवलंबून आहे, तोच पगार अडला म्हणजे मनुष्य नमतो आणि राजीनामा परत घेतो.

यास्तव काही गोष्टी प्रत्येकाने ध्यानी ठेवाव्यात. राजीनामा लेखी द्यावा, त्यात तारीख व कामाचा शेवटचा दिवस लिहावा आणि स्थळप्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारल्यास तो टपालाने रजिस्टर करून पाठवावा. नोटिशीची मुदत किती, हे नेमणूकपत्रात पाहावे. मोठ्या कारखान्यांत ते स्थायी आदेशांतही असते. महिनाभर हजेरी चुकवू नये, उलट उत्तर देऊ नये, आणि काम शेवटच्या दिवसापर्यंत पहिल्या दिवसाइतकेच चोख करावे. हाताखालचे कागद, किल्ल्या, हत्यारे यांची यादी करून ताबा द्यावा व त्यावर सही घ्यावी. तोंडी मिळालेला विपरीत हुकूम त्याच दिवशी नम्र शब्दांत लिहून मालकाकडे पाठवावा. रागाला साक्षीदार मिळतात, सोसण्याला मिळत नाहीत. म्हणून कागद हवा.

कायदा काय म्हणतो, हेही ठाऊक असावे. चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या. त्यांतील 2019 च्या वेतनसंहितेप्रमाणे राजीनामा देऊन जाणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते केले पाहिजे. पाच वर्षे सलग नोकरी झालेल्यास दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते, आणि ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावयाची असते. राजीनाम्याचा राग आला एवढ्याच कारणाने ती बुडविता येत नाही. ‘येथून गेल्यावर शेजारच्या कारखान्यात नोकरी करणार नाही’ असे लिहून घेतलेले बंधन 1872 च्या करार कायद्यापुढे सहसा टिकत नाही. तथापि नोटीस न देता निघून जाणाऱ्यास भरपाई द्यावी लागू शकते. ठरावीक वर्षे नोकरी न केल्यास रक्कम भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली विजया बँकेच्या प्रकरणात वैध ठरविली आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी वाचावे. कायदा दोघांकडेही पाहतो.

येथवर जे सांगितले ते कोणताही वकील सांगेल. आपली खरी अडचण निराळी आहे. आपल्या दोन तालुक्यांत मालक हा पुष्कळदा परका नसतो. तो मामांचा व्याही असतो, गावचा असतो, आपल्याच ज्ञातीचा असतो. ज्याच्या शब्दावर नोकरी लागली त्याचाच शब्द मोडून जावयाचे असते. कामगार कार्यालयात अर्ज करावा तर घरातील मंडळीच म्हणतात, ‘असू दे, उद्या सोयरिकीत आडवे येईल.’ या भिडेपायी हक्काचे पैसे सोडून दिलेले तरुण आपल्यात आहेत. भीड हा आपला सद्गुण खरा, पण ती नेहमी धाकट्यानेच का पाळावी? नोकरी लावून दिली हे उपकार होत. त्यांची फेड आदराने करावी, पगार सोडून नव्हे.

म्हणून आमचे दुसरे बोलणे या सभेत पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या मालकबंधूंशी आहे. आपला माणूस अधिक पगारासाठी अथवा अधिक शिकण्यासाठी जात असेल तर त्यात आपली नाचक्की नाही. तो आपल्याकडे शिकला म्हणूनच दुसऱ्यास हवासा झाला. त्याची बाकी वेळेवर द्यावी, दाखल्यात खरे लिहावे, आणि जाताना त्याच्या हाती नारळ द्यावा. तो गावभर आपले नाव सांगत फिरेल. पगार अडविलात तर तोही सांगेल, आणि पुढचा चांगला माणूस आपल्या दारात यावयाचा नाही.

आमची समाजापुढे एक नम्र सूचना आहे. वसतिगृहासाठी व विवाहमेळाव्यासाठी आपण समित्या नेमतो, तशी तीन जणांची एक समिती या कामासाठीही नेमावी. तीत एक निवृत्त कामगार, एक वकील आणि एक उद्योजक असावा. राजीनाम्याचा मसुदा पाहून देणे, हिशेब तपासणे, आणि दोन्ही बाजूंस समोर बसवून बाकी चुकती करविणे, एवढेच तिचे काम. मालक आपल्यापैकी आहे म्हणून समितीने गप्प बसू नये. तिच्याकडून पंधरा दिवसांत निकाल न लागल्यास तिनेच त्या मुलास कामगार कार्यालयात अर्ज लिहून द्यावा. आपल्या लेकरांना नोकरी लावून देणारा समाज ती सन्मानाने सोडतानाही पाठीशी उभा राहिला पाहिजे.