लांबच्या प्रवासानंतर मोटारसायकलची तपासणी



आपल्या गावांतून मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाचा कॅन, खताची पिशवी, शाळेला निघालेले गुरुजी, दवाखान्यात न्यायचे पोर, सगळे तिच्यावरूनच जाते. अशी गाडी दोन-तीनशे किलोमीटरचा पल्ला मारून, घाटातून आणि चिखलातून घरी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फचे बटण दाबावे, तर नुसता टक् टक् आवाज! किंवा मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागतो, तो विझतच नाही. अशा वेळी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, ते आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट अशी की, दिव्याची तक्रार आणि ब्रेकची तक्रार पुष्कळदा एकाच ठिकाणाहून येते. ते ठिकाण म्हणजे बॅटरी. एबीएस ही ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा. १२५ सीसीहून मोठ्या इंजिनाच्या नव्या गाड्यांना ती आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे. ती विजेवर चालते. बॅटरीचा दाब उतरला की ती काम सोडते आणि दिवा लावून तसे कळवते. आपण मात्र ब्रेक उघडून बसतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून आरंभ बॅटरीपासून करावा. किल्ली फिरवून हॉर्न वाजवून पाहा. आवाज बसका असेल, इंडिकेटर संथ लुकलुकत असतील, तर वीज अपुरी आहे. मग टर्मिनल पाहा. खड्ड्यांच्या रस्त्याने स्क्रू ढिले होतात; त्यांवर पांढरी-हिरवी पूड जमते. किल्ली बंद करावी, आधी ऋण म्हणजे मायनसची वायर सोडवावी, पूड घासून काढावी, स्क्रू घट्ट आवळावेत, वरून थोडे व्हॅसलीन लावावे. जोडताना मायनसची वायर शेवटी. पुष्कळ गाड्या एवढ्यावरच सुरू होतात.

शाळेत किंवा गावातल्या वायरमनकडे मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपे. चांगली भरलेली बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आता गाडी सुरू करून रेस थोडी वाढवा. आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो वर चढतच नसेल, तर इंजिनाकडून बॅटरीला वीज पोचत नाही. नवी बॅटरी घातली तरी तीही चार दिवसांत उतरेल. उलट आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला. तो बॅटरी शिजवतो आणि बल्ब उडवतो. दोन्ही वेळी रेग्युलेटरचा कपलर हातात घेऊन पाहा. प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल किंवा वितळले असेल, तर दोष बहुधा तेथेच सापडतो. विज्ञानाच्या गुरुजींनी ही तपासणी मुलांसमोर करून दाखवावी; व्होल्टचा धडा मुले विसरणार नाहीत.

फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा बसवा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज जळतो तो वायरिंग वाचावे म्हणून. त्याला जळू दिले नाही, तर पेट्रोलच्या टाकीखालची वायर जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कोठेतरी वायर सोलली आहे असे समजावे. हँडलच्या मानेजवळ आणि सीटखाली ती घासली जाते. तेथे आधी पाहा.

आता एबीएसचा दिवा. किल्ली फिरवल्यावर तो लागतो, ते बरोबरच आहे. गाडी थोडी पुढे गेली की तो विझला पाहिजे. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचे चाक जोराने फिरवले, तरीही काही गाड्यांत तो लागतो. किल्ली बंद-चालू करून गाडी थोडी चालवली की जातो. त्याला घाबरू नये. पण चालत्या गाडीत दिवा कायम राहिला, तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्यासमोरची दात्यांची किंवा खाचांची चकती पाहा. चिखल बसला असेल तर ओल्या फडक्याने पुसा. चकती वाकली असेल, सेन्सरची वायर तुटली असेल, तर गाडी मिस्त्रीकडे न्या. दिवा लागला म्हणजे साधा ब्रेक गेला असे नव्हे. फक्त चाक अडकू न देण्याची सोय बंद आहे. म्हणून ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवा आणि ब्रेक हळूहळू दाबा. दिव्यावर चिकटपट्टी लावणारे लोकही आहेत. त्याने दोष झाकतो, जात नाही.

मागचा लाल दिवा ब्रेक न दाबताही पेटत असेल, तर दोन शक्यता. एक, ब्रेकच्या स्विचमध्ये चिखल अडकला. दुसरी, पायाचा ब्रेकच पुरता परत येत नाही. ही दुसरी गंभीर. चाक हाताने फिरवून पाहा. ते जड फिरत असेल, तर ब्रेक लागूनच राहिला आहे. ड्रम ब्रेकला पायाखाली दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल साधारणपणे असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

डिस्क ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे आंबा घाट उतरताना आपण ब्रेक धरूनच ठेवला, तर जुने ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबले तरी गाडी थांबत नाही. मागे घरची माणसे बसलेली असतात, हे विसरू नका. घाट खालच्या गिअरात उतरावा. लिव्हर मऊ लागले तर कडेला थांबून ब्रेक निवू द्यावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. ऑइल साधारण दोन वर्षांनी, झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच घालावे. पातळी उतरली असेल तर नुसते भरू नका. पॅड झिजले की गळती आहे, ते आधी पाहा.

तेव्हा घरी परतल्यावर दहा मिनिटे काढा: हॉर्न, टर्मिनल, दिवे, चाक आणि ब्रेक ऑइल. बॅटरी उतरली तर गाडी दारात उभी राहील, एवढेच. पण ब्रेकविषयी मनात शंका असेल, तर गाडी स्वतःच दारात उभी ठेवा आणि त्या दिवशी एसटीने जा.