बेपत्ता वैमानिक



फळ्यावर मी आज एक शब्द लिहिला आहे : बेपत्ता. ‘पत्ता’ तुम्हांला ठाऊक आहे. पत्रावर आपण लिहितो, तो. ‘बे’ म्हणजे नाही. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही, तो बेपत्ता. लढाईच्या दिवसांत हा शब्द घरी आला, की मोठी पंचाईत होते. माणूस गेला म्हणावं, तर देह दिसत नाही. आहे म्हणावं, तर पत्र येत नाही. घरच्यांनी रडावं, की वाट पाहावी?

अशाच एका वीराची हकिगत सांगतो. त्यांचं नाव अज्जमाडा बोप्पय्या देवय्या. ते कर्नाटकातल्या कोडगू मुलखातले. हवाई दलात स्क्वाड्रन लीडर या हुद्द्यावर होते.

१९६५ साली भारत-पाकिस्तान युद्ध जुंपलं. ७ सप्टेंबरच्या पहाटे आपली ‘मिस्टेअर’ विमानं आदमपूरहून निघाली. पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या विमानतळावर हल्ला करायचा होता. बारा विमानं ठरली होती. देवय्या त्यांत नव्हते, ते राखीव होते. ऐन वेळी एक विमान गळालं आणि त्याची जागा देवय्यांनी घेतली.

परतताना शत्रूचं ‘स्टारफायटर’ पाठीस लागलं. त्याचा वेग आवाजाच्या दुप्पट. मिस्टेअरचा वेग त्याच्या जवळजवळ निम्मा. इंधनही जेमतेम. देवय्यांच्या विमानाला मार बसला. तरी ते वळले, झुंजले आणि ते विमान त्यांनी पाडलं! शत्रूचा वैमानिक हवाई छत्रीनं उतरून वाचला. देवय्या मात्र परतले नाहीत. आपल्या बाजूला ही झुंज कुणाला कळलीच नाही. दप्तरात एवढंच राहिलं : बेपत्ता.

चौदा वर्षं लोटली. १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचं पुस्तक निघालं. पाकिस्तानी हवाई दलाच्या लढाईची हकिगत त्यात होती. एका मिस्टेअरनं स्टारफायटर पाडलं, असं त्यात लिहिलं होतं. आपल्याकडे चौकशी सुरू झाली. हे मिस्टेअर कुणाचं? परत आलेल्यांपैकी कुणाचंच नव्हे. मग एकच नाव उरलं.

१९८८ साली, म्हणजे तब्बल २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. त्यांच्या पत्नीनं ते स्वीकारलं.

मंडळी, यात ध्यानात घेण्यासारखं काय? पराक्रम तर आहेच. पण साक्ष दिली ती शत्रूच्या गोटानं. त्यांनी घडलं ते सांगितलं, कुणी ते कागदावर उतरवलं, कुणी ते वाचलं. यांतलं एक जरी राहिलं असतं, तरी देवय्या आजही नुसते बेपत्ताच राहिले असते.

आपल्याही घरची माणसं दूर जातात. कुणी सैन्यात, कुणी कामधंद्याला. तो कोणत्या तारखेला गेला, कुठे गेला, सोबत कोण होतं, हे वहीत लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येतं. आज रात्री घरी गेल्यावर पहिलं नाव लिहा.