एकच संकेतस्थळ, अनेक न्याहाळक

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी नागपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शासन आणि नागरिक यांच्यातील व्यवहाराचे साधन म्हणून संकेतस्थळाचे महत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. नागपूर विभागातील शेतकऱ्याने सात-बारा पाहण्यासाठी ‘महाभूलेख’ उघडावे, दाखल्यासाठी ‘आपले सरकार’वर अर्ज करावा, ही आता नित्याची बाब होय. परंतु कार्यालयातील संगणकावर सुरळीत उघडणारे पान गावातील मोबाईलवरही तसेच उघडेल, याची खात्री आपोआप मिळत नाही.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. छापील पत्रक सर्वांच्या हाती सारखेच पडते. संकेतस्थळाचे पान मात्र सूचनांच्या रूपाने येते आणि त्या सूचनांचा अर्थ लावून ते पडद्यावर मांडण्याचे काम ब्राउझर, म्हणजेच न्याहाळक, करीत असतो. १९९४ मध्ये नेटस्केप व १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आले. स्पर्धेच्या भरात दोघांनीही आपापल्या खास सूचना रूढ केल्या. सर्वांना समान नियम असावेत, या हेतूने १९९४ मध्येच टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची स्थापना केली. परंतु नियम सर्वत्र पाळले जाण्यास बराच काळ जावा लागला.

मराठीच्या बाबतीत ही अडचण दुहेरी होती. पूर्वीच्या अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. तो फॉन्ट संगणकावर नसल्यास वाचकास रोमन अक्षरांची निरर्थक जंत्री दिसे. पानासोबत फॉन्ट पाठविण्याची एक युक्ती निघाली. पण ती केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि या प्रश्नाचे खरे उत्तर सापडले. युनिकोडमधील मजकूर शोधता येतो, तसेच दृष्टिहीन व्यक्तीस यंत्राद्वारे ऐकताही येतो.

एकाच न्याहाळकावर विसंबण्याचे परिणाम पुढेही दिसून आले. २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीच्या जोड-आज्ञावलींचा आधार काढून घेतला. त्यामुळे जावाच्या साहाय्याने डिजिटल स्वाक्षरी घेणारी पाने त्यात चालेनाशी झाली. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. ज्या पानांवर ‘केवळ याच न्याहाळकात पाहावे’ अशी सूचना होती, त्यांचा आधारच नाहीसा झाला. अशा वेळी तोटा होतो तो नागरिकाचा: अर्जाची मुदत टळते, तालुक्याची खेप वाढते, मजुरी बुडते.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. केंद्र शासनाने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. संकेतस्थळ स्वीकारण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी ते क्रोम, फायरफॉक्स, सफारी व एज या न्याहाळकांवर, तसेच साध्या मोबाईलवरही पाहून घ्यावे. परिपत्रके चित्ररूपाने न देता युनिकोड मजकुरात द्यावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना युनिकोड टंकलेखनाची सवय लावावी. पंचायत सदस्यांनी तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढेच न लिहिता न्याहाळकाचे नाव, त्याची आवृत्ती, दिनांक व पडद्यावरील संदेश नोंदवावा. त्यामुळे दोष शोधणे सोपे जाते.

शासकीय कार्यालयाचे दार जसे सर्वांना खुले असते, तसेच त्याचे संकेतस्थळही कोणत्याही न्याहाळकातून येणाऱ्यास खुले असले पाहिजे. लोकाभिमुख प्रशासनाची ही किमान कसोटी होय.