सेनापती नको, हवालदार हवा



पत्रिकेत माझा विषय 'व्यक्तिमत्त्व चाचण्या : एक परिचय' असा छापला आहे. परिचय मी लवकर उरकते. युंगचा १९२१चा ग्रंथ, त्याच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी रचलेली प्रश्नावली, तिच्यातून निघणारे चार-चार अक्षरांचे सोळा प्रकार, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्या नातवंडांना नक्की ठाऊक आहे. (हशा) मला बोलायचंय ते या प्रकारांना दिलेल्या नावांविषयी.

चार अक्षरं लक्षात राहत नाहीत, म्हणून डेव्हिड कीर्सी या मानसशास्त्रज्ञाने सोळा प्रकारांना नावं दिली. कुणी शिक्षक, कुणी शिल्पकार, कुणी निरीक्षक. जो पुढे होऊन माणसं कामाला लावतो, त्याचं नाव कीर्सीच्या १९९८च्या पुस्तकात आहे 'फील्डमार्शल'. इंटरनेटवर तरुण मुलं जी चाचणी देतात तिच्यात त्याच प्रकाराला 'कमांडर' म्हणतात. कीर्सी स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवत होता, सैन्य त्याने आतून पाहिलं होतं. तरी त्याने निवडलेला हुद्दा अमेरिकेच्या सैन्यात कधी नव्हताच! डिसेंबर १९४४मध्ये त्यांनी पंचतारांकित पद निर्माण केलं, तेव्हाही नाव ठेवलं 'जनरल ऑफ द आर्मी'. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर फील्डमार्शल झाले दोनच : १९७३मध्ये माणेकशॉ आणि १९८६मध्ये करिअप्पा. कीर्सीच्या चाचणीत मात्र सत्तर प्रश्नांवर खुणा केल्या की तो हुद्दा पदरात पडतो.

तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मघापासून मान हलवताहेत. ते सैन्यातून निवृत्त झाल्याचं मला बाहेर चहा घेताना कळलं. साहेब, मी सैन्याला कमी लेखत नाही. हुद्द्याचा मान राहावा म्हणूनच हे बोलते आहे. (टाळ्या)

मी एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात नोकरी केली. कारखान्याचं नाव सांगत नाही. एके वर्षी अशीच चाचणी मराठीत आणायचं ठरलं आणि नावं ठरवायला पाचजणांची समिती बसली. मी त्यात होते. पंधरा नावं तासाभरात झाली. सोळाव्यापाशी गाडी अडली. एक म्हणे सेनापती, दुसरा म्हणे सरलष्कर. तिसऱ्याला सेनाधुरंधर हवा होता, कारण त्यात वजन आहे. (हशा) दोन दुपारी त्यात गेल्या. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि सेनापती ठरला. माझा हात त्याच्याच बाजूने वर होता. आज मला त्याचं वाईट वाटतं.

चाचणी झाली. यंत्रशाळेतला एक तरुण फोरमन सेनापती निघाला. मुलगा हुशार, कष्टाळू. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला सेनापतीच म्हणू लागले, आधी गमतीने आणि मग सवयीने. महिन्याभराने रात्रपाळीत एक मोठं यंत्र बंद पडलं. बेअरिंग गेलं होतं. बदली बेअरिंग स्टोअरमध्ये एका कोपऱ्यात पडून होतं आणि ते स्टोअरकीपरच्या वहीत नोंदलेलं होतं. एरवी हा मुलगा धावत जाऊन विचारायचा, "काका, आहे का हो?" त्या रात्री त्याने विचारलं नाही. हुकूम सोडत राहिला, माणसं पळवत राहिला. सकाळी पहिल्या पाळीला काका आले, वही उघडली, बेअरिंग काढून दिलं. नंतर तो मला म्हणाला, "मॅडम, सगळे बघत होते. सेनापतीने विचारायचं कसं?"

हे मी विसरू शकत नाही. म्हणून मला शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, कुडतोजी गुजर आठवतात. आपण त्यांना प्रतापराव म्हणतो. तो महाराजांनी दिलेला किताब. त्यांच्यामागून सरनोबत झालेले हंसाजी मोहिते, त्यांना हंबीरराव केलं. मूळ नावं आज किती जणांना सांगता येतील? किताब नावाला गिळून टाकतो. नेसरीला १६७४मध्ये प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानावर तुटून पडले, त्यामागे महाराजांच्या कानउघाडणीचं शल्य होतं, हे सगळे सांगतात. मला वाटतं, त्या नावाचंही ओझं होतं. प्रतापराव म्हणवणाऱ्याला थांबून कुमक मागणं जड जातं. हे माझं मत आहे, इतिहासकारांवर ते लादत नाही. पण तो किताब पारखून, एकाच माणसाला दिलेला होता. आपण कागदावरच्या खुणा मोजून वाटतो. आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो. मग त्या सेनापतीचं काय करायचं?

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. पेशवाईतल्या किताबांवर बोलायचं होतं, ते सोडते.

लष्करी नावंच हवी असतील तर ती आपल्या गडांवरून घ्या. सभासदाने १६९७मध्ये जिंजीला शिवाजी महाराजांची बखर लिहिली. त्यात गडाची व्यवस्था आहे : हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघेही एका दर्जाचे. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हिशेब आणि हजेरी, सरनोबताकडे शिबंदी. धान्य-सामानाला कारखानीस वेगळा. गड एकाच्या हाती देत नसत. ही नावं जबाबदारीवरून पडलेली आहेत. आपल्या माणसांत दार सांभाळणारा कोण, मोजणारा कोण, पुढे होणारा कोण, साठवणारा कोण, एवढं कळलं तरी पुरे. आणि त्यांतला कुणीही दुसऱ्याच्या वर नाही.

कुणीतरी मागून 'हवालदार?' म्हणालं आणि हसलं. बरोबर आहे, आज हवालदार म्हटलं की नाक्यावरचा पोलीस डोळ्यांपुढे येतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याच नावाच्या माणसाच्या कमरेला गडाच्या किल्ल्या होत्या. हुद्द्याची किंमत अशी चढते-उतरते, किल्ल्यांची जबाबदारी तेवढीच राहते. म्हणून स्वभावाला नाव देताना हुद्दा बघू नका, त्या माणसाच्या हातात काय आहे ते बघा.

दुसरी चिठ्ठी. संपवतेच. त्या फोरमनने पुढे आपला 'सेनापती'चा बिल्ला काढून ठेवला आणि स्टोअरच्या काकांकडे रोज अर्धा तास बसायला लागला. काकांना चाचणीत काय नाव मिळालं होतं, ते मी परवा जुन्या कागदांत शोधलं. त्यांच्या नावापुढची जागा कोरी आहे. चाचणी झाली त्या दिवशी स्टोअर बंद ठेवता येत नाही म्हणून त्यांना बोलावलंच नव्हतं.