उसने भूत, घरचा बाहुला



रायपूर येथील मराठी श्रोत्यांपुढे मराठी चित्रपटाविषयी बोलावयाचे, तर आरंभ या शहराच्याच एका उदाहरणाने करणे उचित ठरेल. १९२३ साली रायपुरात जन्मलेले हबीब तन्वीर यांनी १९७५ साली 'चरणदास चोर' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याची मूळ कथा छत्तीसगढची नव्हे. ती राजस्थानची, विजयदान देथा यांच्या लेखणीतून आलेली. तन्वीर यांनी ती नाचाच्या कलावंतांच्या हाती सोपविली, तिला पंथी गीतांची जोड दिली, आणि राजस्थानचा चोर छत्तीसगढी बोलू लागला. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाला पुरस्कार मिळाला, तो छत्तीसगढच्या नाटकाला मिळाला असेच सर्वांनी मानले.

उसनी वस्तू आपली केव्हा होते, असा प्रश्न यातून उद्भवतो. त्याचे उत्तर एका भुताच्या विनोदी चित्रपटात शोधावे, हे कित्येकांना थिल्लरपणाचे वाटेल. परंतु लोकांनी मनापासून स्वीकारलेली करमणूक ही देखील संस्कृतीचीच साक्ष असते. हा चित्रपट म्हणजे महेश कोठारे यांचा १९९३ सालचा 'झपाटलेला'.

हसविणारे भूत मराठी पडद्यावर त्यापूर्वीही अवतरले होते. १९८२ सालच्या 'एक डाव भुताचा' या चित्रपटात अशोक सराफ यांचा खंडोजी फर्जंद हा अस्सल मराठी मातीतला होता. द. मा. मिरासदार यांच्या लेखनाने त्याला गावरान ठसका दिला होता, आणि तो ज्याला भेटतो त्या शाळामास्तराच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर होते. 'झपाटलेला'मधील भूत मात्र परदेशाहून आले. १९८८ साली अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' नावाचा भयपट निघाला. मरणोन्मुख खुनी मंत्राच्या बळावर आपला आत्मा दुकानातील बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला सहा वर्षांच्या एका मुलाच्या घरी येतो, असे त्याचे कथानक. 'झपाटलेला'चा सांगाडा हाच आहे. कोठारे यांना अशी उसनवारी नवी नव्हती. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट 'धूमधडाका' (१९८५) हा हिंदी 'प्यार किये जा'वर बेतलेला होता, आणि तो हिंदी चित्रपट १९६४ सालच्या एका तमिळ चित्रपटावर.

मग या कथेत मराठी असे काय घातले गेले? पहिली गोष्ट म्हणजे बाहुला लहान मुलाच्या हाती न देता लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या हाती दिला. बालक बाहुल्याला भ्याले तर प्रेक्षकाला कणव येते; थोराड माणूस भ्याला तर हसू येते. एवढ्या एका फेरफाराने भयपटाचा विनोदपट झाला. दुसरी गोष्ट वधाच्या जागेची. अमेरिकन बाहुल्याचे मर्मस्थान हृदय होते. मराठी बाहुल्याला गोळी लागावयास हवी ती दोन भुवयांच्या मधोमध, म्हणजे जेथे आपण गंध आणि कुंकू लावतो नेमकी तेथे. तिसरी गोष्ट नावाची. 'रेड स्कॉर्पियन' या परदेशी चित्रपटाच्या नावातून 'विंचू' सुचला, आणि चित्रपटाच्या रंगभूषाकाराला सारे ज्या नावाने हाक मारीत ते 'तात्या' त्याला जोडले गेले, असे कोठारे यांनी सांगितले आहे. 'तात्या' हे घरातील वडीलधाऱ्याचे संबोधन. त्यापुढे 'विंचू' येताच भय आणि हसू एकाच नावात नांदू लागले.

तथापि सर्वांत मोलाची भर बाहुल्याचीच होय. महाराष्ट्रात बोलक्या बाहुल्याला स्वतःचे घराणे आहे. यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शब्दभ्रमकलेचे प्रयोग केले आणि त्यांच्या 'अर्धवटराव' या बाहुल्याने पिढ्यान्‌पिढ्या हसविल्या. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला सिद्ध केला. त्यामुळे उलट उत्तर देणारा बाहुला मराठी प्रेक्षकाला परका वाटलाच नाही. त्याचा उद्धट भाऊ आला, इतकेच.

ही कामगिरी वाटते तितकी सुलभ नव्हे. शब्दभ्रमात बाहुल्याचा आवाज आणि त्याला हलविणारा हात ही दोन्ही एकाच कलावंताची असतात. येथे हात पाध्ये यांचा आणि आवाज प्रभावळकरांचा होता. मनुष्यरूपातील तात्या विंचूही प्रभावळकरांनीच साकारला होता. अकरा वर्षांपूर्वी भुताला भेटणारा मास्तर आता स्वतःच भूत झाला होता. बाहुल्याचा जबडा शब्दागणिक त्या आवाजाशी जुळला नाही, तर भूत नाहीसे होऊन केवळ खेळणे उरते. त्याच वर्षी हॉलिवूडच्या 'जुरासिक पार्क'ने संगणकाच्या साहाय्याने डायनोसॉर चालविले. मराठी चित्रपटाची सारी भिस्त चौकटीबाहेर दडलेल्या हातावर होती.

तो हात दिसला की खेळ संपतो. म्हणून त्याचे यश त्याच्या अदृश्यतेत असते आणि त्याची उपेक्षाही त्यातूनच होते. तात्या विंचू कोणाला ठाऊक नाही? परंतु त्याची मान कोणी वळविली, हे विचारणारे थोडे. अनुवादकाची स्थितीही याहून निराळी नाही. तोही दुसऱ्याच्या आत्म्याला आपल्या भाषेचा देह देतो आणि आपण आडोशाला राहतो.

रायपूरला हा विषय परका वाटू नये. १९५६ पर्यंत नागपूर ही या शहराचीही राजधानी होती, आणि येथील मराठी घरांतून हिंदी व छत्तीसगढी शब्द आजही सहज वावरतात. उसनवारीचा संकोच अशा घरांनी बाळगण्याचे कारण नाही. मात्र जमाखर्च चोख हवा. काय घेतले हे मोकळेपणाने सांगावे, आणि काय घातले ते दाखविता यावे.

घेणाऱ्याला पुढे देताही आले पाहिजे. १९९५ साली 'झपाटलेला' हिंदीत 'खिलौना बना खलनायक' या नावाने गेला. २०१३ साली त्याचा दुसरा भाग त्रिमितीत आला. लक्ष्मीकांत बेर्डे त्यापूर्वीच, २००४ साली, निवर्तले होते. लक्ष्या गेला, बाहुला मागे राहिला. परंतु बाहुला आपणहून बोलत नाही. पाध्ये यांच्या घरात ती विद्या पुढील पिढीने उचलली, म्हणूनच त्याला पुन्हा तोंड उघडता आले.